संकरित आहे म्हणून आपोआप संपेल का? शेततळ्यातल्या साल्व्हिनियाविषयी

नमस्कार. तुमचा प्रश्न आणि सोबतची छायाचित्रे नीट पाहिली. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात असा: रावेर तालुक्यात तुमची केळीची बाग असून तिच्यासाठी प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आहे. त्यात मत्स्यबीज सोडल्यानंतर काही महिन्यांनी पाण्यावर एक हिरवी तरंगती वनस्पती दिसू लागली. शेजाऱ्यांनी ती अझोला असल्याचे सांगितले, पण म्हशींनी तिला तोंड लावले नाही. आता निम्मे तळे झाकले गेले आहे आणि ठिबकचा फिल्टर सारखा तुंबतो. त्यातच कोणीतरी सांगितले की ही संकरित जात आहे आणि हिला बी धरत नाही. म्हणून तुम्ही विचारता की ती एक-दोन हंगामांत आपोआप संपेल का, की तणनाशक मारावे.

माहिती देणाऱ्याने अर्धी गोष्ट बरोबर सांगितली आहे, पण तिच्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ही वनस्पती संकरातून आलेली आहे आणि वांझही आहे. मात्र वांझ असल्यामुळे ती संपत नाही; ती कोणत्या मार्गाने पसरेल आणि कोणत्या मार्गाने पसरणार नाही, एवढेच त्यामुळे ठरते. तळे साफ करण्याची पद्धत याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून आधी तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

त्याआधी ओळख पक्की करू. अझोला आणि ही वनस्पती, दोन्ही पाण्यावर तरंगणारी नेचेच आहेत, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. अझोल्याचे अख्खे रोप नखाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असते, पाने खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली असतात, थंडीत किंवा कडक उन्हात त्यावर लालसर झाक येते आणि खाली खरी मुळे लोंबतात. तुमच्या छायाचित्रातले पान दोन ते चार सेंटिमीटर रुंद आहे, मधल्या शिरेवर दुमडलेले आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर केस आहेत. एक रोप उचलून उलटे करा. प्रत्येक पेऱ्यावर तीन पाने दिसतील, दोन वर तरंगणारी आणि तिसरे पाण्याखाली बारीक तंतूंमध्ये चिरफाळलेले, तपकिरी व केसाळ. आपण ज्याला मूळ समजतो ते हे तिसरे पानच असते. या वनस्पतीला खरे मूळ नसतेच. नंतर एखादे जुने पान भिंगाखाली धरा. पानावरच्या प्रत्येक केसाचा देठ वर जाऊन चार फांद्यांत फुटतो आणि त्या चारही फांद्या टोकाशी पुन्हा एकत्र जुळतात, त्यामुळे एक अगदी लहान पिंजरा तयार होतो. या पिंजऱ्यांमध्ये हवा अडकून राहते, म्हणून पानावर टाकलेले पाणी घरंगळून जाते आणि पान बुडवले तरी कोरडेच वर येते. काश्मीरच्या सरोवरांत आढळणाऱ्या साल्व्हिनिया नॅटन्स या जातीत केसांची टोके मोकळी असतात. टोके जुळलेली दिसली, तर तुमच्याकडची वनस्पती साल्व्हिनिया मोलेस्टा आहे असे मानायला हरकत नाही, आणि छायाचित्रांवरून माझे मत तेच आहे. केरळात ती ‘आफ्रिकन पायल’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. तिचे मूळ घर मात्र आफ्रिका नसून आग्नेय ब्राझील आहे.

आता संकराविषयी. दक्षिण अमेरिकेतल्या साल्व्हिनियाच्या एकमेकींच्या जवळच्या जातींमध्ये संकर होऊन ही वनस्पती निर्माण झाली, असे मानले जाते. साल्व्हिनियात गुणसूत्रांचा मूळ संच नऊचा असतो आणि हिच्यात असे पाच संच, म्हणजे ४५ गुणसूत्रे आहेत. बीजाणू (नेच्यांमध्ये बियांचे काम करणारे सूक्ष्म कण) तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, पण पाच संचांच्या जोड्या नीट लागू शकत नाहीत. त्यामुळे विभाजन विस्कटते आणि निपजतात ते बीजाणू रिकामे किंवा वेडेवाकडे असतात. तुम्ही ज्यांना ‘बिया’ समजून छायाचित्रात गोल केला आहे, त्या खालच्या तंतूंमधल्या मण्यांसारख्या गाठी म्हणजे बीजाणूंच्या पिशव्याच आहेत. त्या माळेने लोंबतात, संख्येने भरपूर असतात आणि त्यांतून काहीही उगवत नाही.

इथे एक शंका येणे रास्त आहे, की संकर आहे तर तिला स्वतंत्र जात का मानायचे. संकरातून आलेली प्रत्येक वनस्पती वांझ असते असे नाही. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या दलदलींत ड्रायोप्टेरिस क्रिस्टाटा नावाचे एक नेचे वाढते. तेही दोन जातींच्या संकरातून आले, पण त्यात दोन्ही जनकांचे संच दुप्पट झाले. चार संच आणि १६४ गुणसूत्रे असल्यामुळे प्रत्येकाला आपापला जोडीदार मिळतो आणि बीजाणू चांगले रुजतात. संच असे दुप्पट झाले की वाट मोकळी होते. साल्व्हिनियाच्या वाट्याला विषम संख्या आली आणि ती वाट बंद झाली. तरीही ती आपले ठरावीक रूप टिकवून, कोणत्याही जनकाच्या मदतीशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहते, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ डी. एस. मिचेल यांनी १९७२ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून नाव दिले. तोपर्यंत तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजले जात असे.

वांझ वनस्पती एवढी पसरते कशी, हे रावेर-यावलच्या माणसाला खरे तर वेगळे समजावून सांगायची गरज नाही, कारण तुमची केळीही तशीच आहे. बसराई असो, श्रीमंती असो की ग्रँड नैन असो, तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत आणि तीही रानटी केळींच्या संकरातून आली आहे. तिच्या फळात रुजणारे बी नाही, तरी तापीकाठच्या बागाच्या बागा तिने भरल्या आहेत, कारण कंदाच्या डोळ्यापासून मुनवे फुटतात आणि अलीकडे तेच काम ऊतिसंवर्धनाची रोपे करतात. साल्व्हिनियाच्या आडव्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावरही असेच डोळे असतात. खोड अतिशय ठिसूळ असते. वारा, मासे, मोटारीचा ओढा किंवा कोणी मारलेला दगड, कशानेही त्याचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवे रोप ठरते. उष्ण आणि नत्रयुक्त पाण्यात ती दोन-तीन दिवसांत दुप्पट झाल्याच्या नोंदी आहेत. केळीला जे खत विद्राव्य रूपात देता त्याचा निचरा किंवा शेणाचे पाणी तळ्यात उतरत असेल, तर तुमच्याकडेही वेग मोठाच राहील.

यातून कामापुरता अर्थ काढायचा तो असा. जलपर्णीला फुले येतात, तिचे बी चिखलात पडते आणि वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून जलपर्णी एकदा संपूर्ण काढली तरी गाळातून पुन्हा उगवू शकते. साल्व्हिनियाची अशी कोणतीही ठेव गाळात नसते. जे पाण्यावर, काठावर आणि पाइपात दिसते, तेवढेच तिचे सर्वस्व असते. म्हणजे शेवटचा डोळा काढला की ती खरोखर संपते. पण नव्वद टक्के काढून समाधान मानले, तर उरलेले दहा टक्के साडेतीन दुपटींच्या आत तळे पुन्हा भरून टाकतात. दुपटीला आठवडा लागला असे धरले, तर तुमची मजुरी महिनाभरही पुरली नाही असा त्याचा हिशोब होतो. म्हणून या वनस्पतीच्या बाबतीत ‘बरीच कमी केली’ या स्थितीला मी किंमत देत नाही. एक तर ती शून्यावर आणायची, नाही तर मोठ्या जलाशयात तिला खाणाऱ्या भुंग्याच्या साहाय्याने (त्याच्याविषयी पुढे लिहितो) तिच्यासोबत राहायचे. मधली अवस्था टिकत नाही.

यांपैकी काय करायचे ते पाणी कोणते आहे यावर अवलंबून आहे. अस्तर असलेले, चारी बाजूंनी बंद, स्वतःच्या मालकीचे शेततळे ही सर्वांत सोपी स्थिती आहे आणि सुदैवाने तुमची स्थिती तीच आहे. पाझर तलाव, गावतळे किंवा धरणाचा फुगवटा असता तर माझे उत्तर वेगळे राहिले असते. धुळ्याकडच्या पांझरेसारख्या नद्यांवर, जिथे एका बंधाऱ्याचे पाणी पाटाने साऱ्या फडात फिरते, तिथे एकट्या शेतकऱ्याने काही करण्यात अर्थच नसतो. पाटावरच्या सगळ्यांना एकाच वेळी हात घालावा लागतो.

तुमच्या तळ्यासाठी हाताने काढणे हाच उपाय मी सुचवेन. ते पुढील क्रमाने करावे. आधी वारा पाहावा. तरंगती वनस्पती वाऱ्याबरोबर एका बाजूला गोळा होते. पावसाळी वारे पश्चिम-नैऋत्येकडून येतात तेव्हा ती बहुधा पूर्व-ईशान्य कोपऱ्यात दाटते. ती अशी गोळा झालेली असतानाच काम सुरू करावे, विखुरलेली असताना नव्हे. तळ्याच्या रुंदीएवढी शेडनेटची पट्टी घ्यावी, तिच्या वरच्या कडेला रिकाम्या बंद बाटल्या आणि खालच्या कडेला वजन बांधावे आणि दोन्ही काठांवरून दोघांनी ती हळूहळू ओढत न्यावी. मासेमारीचे मोठ्या डोळ्यांचे जाळे वापरू नये, कारण बारीक तुकडे त्यातून सुटतात, आणि सुटतात तेच पुढे त्रास देतात. दाताळे किंवा काठीने झोडपून ओढणे तर पूर्ण टाळावे. त्याने एका रोपाची दहा रोपे होतात. ओल्या वनस्पतीचे वजन फसवे असते. दाट थराचे ओले वजन हेक्टरी अनेक टन भरू शकते, म्हणून सालदाराला एकट्याला या कामाला लावू नका. तळ्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि काठावर दुसरा माणूस असावा. अस्तराचा उतार शेवाळाने निसरडा होतो आणि पोहता येणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही, हे शेततळ्याच्या मालकांना वेगळे सांगायला नको, पण कामाच्या घाईत ते विसरले जाते.

काढलेला माल तळ्याच्या बांधावर टाकू नये. पहिल्याच जोरदार पावसात तो परत पाण्यात येतो. मोठा ढीगही करू नये, कारण ढिगाच्या आतला ओलसर भाग बराच काळ जिवंत राहतो. तळ्यापासून लांब, पाणी उलट वाहून येणार नाही अशा जागी मुरमावर पातळ पसरावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावर केळीच्या ओळींत आच्छादन म्हणून किंवा उकिरड्यात वापरावा. जनावरांना घालण्याचा आग्रह सोडून द्या. तिच्यात बहुतांश पाणीच असते आणि अझोल्याच्या पानांत राहून नत्र स्थिर करणारी जी नीलहरित शैवाले त्याला पौष्टिक बनवतात, ती हिच्यात नसतात. तुमच्या म्हशींनी शेजाऱ्यांपेक्षा चांगली पारख केली, असेच म्हणावे लागेल.

पहिली मोठी सफाई झाल्यावर खरे काम सुरू होते, आणि बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात. अस्तराच्या घड्या, कोपरे, पायऱ्यांसाठी टाकलेले टायर, फूटव्हॉल्व्हची जाळी, तरंगत्या पाइपाचे पिंप या सगळ्यांच्या आडोशाला तुकडे चिकटून राहतात. सुरुवातीच्या काळात दर दोन-तीन दिवसांनी काठाने एक फेरी मारून लहान झोळीजाळीने दिसेल ते उचलावे. विरळ पाण्यात वाढणारी कोवळी रोपे वेगळी दिसतात: पाने लहान, सपाट आणि पाण्याला चिकटून असतात. दाटीतली दुमडलेली मोठी पाने डोळ्यासमोर ठेवून शोधाल, तर ही नजरेतून सुटतील. सलग एक पावसाळा असे एकही पान सापडले नाही, तर तळे मोकळे झाले असे समजावे. फिल्टरचे बॅकवॉशचे पाणी परत तळ्यात सोडत असाल, तर ते आजपासून बंद करा.

आपल्याकडचे ऊन तिला मारील, या भरवशावर राहू नका. तिचे डोळे ४३ अंशांपेक्षा जास्त तापमानात दोन-तीन तास राहिले तर मरतात हे खरे आहे, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात त्याच्या वर जातो हेही खरे आहे. परंतु तो पारा हवेचा असतो. तळ्याचे पाणी त्या मानाने बरेच थंड राहते आणि डोळा पाण्यालगत, वरच्या पानांच्या सावलीत असतो. त्यामुळे नवतपात वरचा थर करपून तपकिरी होतो, मालक निश्चिंत होतो आणि मृगाच्या पावसानंतर त्याच थराखालून हिरवे कोंब येतात. उन्हाळ्याचा खरा उपयोग वेगळा आहे. पाणी तळाला जाते तेव्हा पृष्ठभाग लहान होतो आणि वेचायचे क्षेत्रही कमी होते. म्हणून मोठी सफाई एप्रिल-मेमध्ये बसवता आली तर निम्मे कष्ट वाचतात. तळे पूर्ण रिकामे करता आले तर उत्तमच, पण अस्तरावर थोडे पाणी वजनासाठी ठेवा, नाहीतर वाऱ्याने कागद उचलला जाण्याची भीती असते. आणि त्या उरलेल्या डबक्यातला प्रत्येक तुकडा हाताने वेचा.

तणनाशकाला माझा नकार आहे, आणि त्याची कारणे तुमच्या परिसरातलीच आहेत. पानावरचे ते केसांचे पिंजरे फवारा टिकू देत नाहीत. जिथे टिकतो तिथे सगळी वनस्पती एकदम मरून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तडफडतात. शिवाय हेच पाणी तुम्ही ठिबकने पिकाला देणार आहात. बांधाच्या पलीकडे कपाशी आहे असे तुम्ही लिहिले आहे. टू-फोर-डीसारख्या तणनाशकाचा अंशही कपाशीला सोसत नाही. पाने अरुंद आणि बोटांसारखी वाकडी होतात, ही गोष्ट खानदेशातल्या कापूस उत्पादकांना अनुभवाने माहीत आहे. दोन दिवसांच्या मजुरीसाठी शेजाऱ्याची कपाशी धोक्यात घालू नये.

भुंग्याविषयी तुम्ही शेवटी ओझरते विचारले आहे, आणि हा विषय मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो. सिर्टोबॅगस साल्व्हिनी नावाचा जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा काळा सोंडकिडा फक्त साल्व्हिनियावर जगतो. प्रौढ भुंगा डोळे आणि कोवळी पाने खातो, तर अळी खोड आतून पोखरते, म्हणजे या वनस्पतीची एकुलती एक वाट, तिचा डोळाच, तो बंद करतो. केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्याशी त्याचा संबंध नाही, तेव्हा बागेची काळजी नको. हा भुंगा सापडायला इतका वेळ लागला तो वनस्पतीची ओळख चुकल्यामुळे. झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवरच्या करीबा जलाशयात ही वनस्पती १९५९ मध्ये दिसली आणि १९६२ पर्यंत तिने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी व्यापले. तिला दुसरीच जात समजून त्या जातीवरचा, त्रिनिदादमधला भुंगा आणून आफ्रिकेत सोडला गेला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळाले, १९७८ मध्ये तिचे मूळ घर ब्राझीलमध्ये सापडले आणि तिथूनच योग्य भुंगा मिळाला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मूनडारा जलाशयात तो १९८० मध्ये सोडला आणि पुढच्याच वर्षी सुमारे २०० हेक्टरवरचा थर बुडाला. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीवर सुरुवातीला भुंगा टिकेना, कारण वनस्पतीतच नत्र कमी होते. तेव्हा तणावर चक्क युरिया टाकून आधी तिला पौष्टिक केले गेले आणि मग भुंग्याने जम बसवला. भारतात तो १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणला गेला आणि केरळातले कालवे त्याने मोकळे केले. अलीकडे आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने कटनी जिल्ह्यातल्या तलावात आणि सारणीच्या सातपुडा जलाशयात त्याचा यशस्वी वापर केला आहे.

इतक्या वेगवेगळ्या हवामानांत एकच किडा लागू पडण्यामागेही तीच वांझ असल्याची गोष्ट आहे, असे मी मानतो. बीजाणूंतून नवी पिढी येत नसल्यामुळे नवे गुणमिश्रणही होत नाही, आणि किड्याला दाद न देणारा वाण तयार होण्याची शक्यता अगदी कमी राहते. एकसारख्या रोपांच्या केळीबागेत रोग का झपाट्याने फिरतो, याचेही उत्तर यातच आहे.

तरीही तुमच्या शेततळ्यासाठी भुंगा मी सुचवणार नाही. त्याला महिने लागतात, थंडीत त्याची पैदास मंदावते, आणि तो तणाला क्वचितच शून्यावर आणतो. तण कमी झाले की तोही कमी होतो आणि दोघे थोड्या संख्येने टिकून राहतात. शेकडो हेक्टरांच्या जलाशयाला हे चालते, तुमच्या फिल्टरला चालणार नाही. पुढेमागे गावच्या पाझर तलावात ही वनस्पती दिसली, तर मात्र पाल किंवा ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्राशी बोलून रीतसर मागणी करावी. परस्पर कुठून तरी बाटलीत किडे आणून सोडू नयेत.

दोन गोष्टी मात्र या आठवड्यातच कराव्यात. तळ्याच्या सांडव्याला शेडनेटची दुहेरी जाळी बांधा. तुमच्याकडचे नाले शेवटी तापीला मिळतात, हतनूरचा फुगवटा तिथून फार दूर नाही, आणि हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या बदकांना मोकळे पाणी लागते. दुसरे असे की, मत्स्यबीज ज्या पिशव्यांतून आले त्याच पाण्यातून ही वनस्पती आली असण्याचा संभव आहे, तेव्हा पुढच्या वेळी बीज सोडताना पिशवीतले पाणी गाळूनच तळ्यात जाऊ द्या. आणि गेल्या वर्षभरात तुमच्या तळ्यातून ‘अझोला’ म्हणून कोणी टोपलीभर नेली असेल, तर त्यांच्या खड्ड्यात किंवा हौदात ती अजून असणार. त्यांच्याकडे जाऊन एक रोप उलटे करून दाखवा आणि हौद रिकामा करून वाळवायला सांगा. तुमचे तळे स्वच्छ झाल्यावर ती परत येण्याचा सर्वांत जवळचा रस्ता तोच आहे.